कॉफी आणि रक्तवाहिन्यांची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात रोजचं राज्य चहाचं. कॉफी म्हणजे पाहुणा आला, उपास आहे किंवा पोराची परीक्षा आहे, तेव्हाची गोष्ट. तरी अलीकडे कॉफीबद्दलचे प्रश्न वाढलेत, कारण मोबाईलवर 'कॉफीतला घटक गाठीचा रक्तपुरवठा तोडतो' अशा अर्थाचे मेसेज फिरतायत. मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही शेजारची ताई पर्समधून रिपोर्ट काढते आणि विचारते, 'हे खरं का गं?' खरं आहे, पण मेसेजमध्ये लिहिलंय तसं नाही. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नवीन रक्तवाहिन्या वाढतात म्हणजे नेमकं काय होतं?

नवापूरकडे कोणी पोल्ट्रीत काम करणारं ओळखीचं असेल, तर उबवणीतलं चार-पाच दिवसांचं अंडं अंधारात टॉर्चवर धरून दाखवायला सांगा. आत एक गडद ठिपका दिसतो आणि त्याच्यापासून सगळीकडे फुटलेल्या बारीक लाल रेषा. जरा नीट पाहिलं तर ठिपका हलतोय हेही कळतं. त्या रेषा म्हणजे रक्तवाहिन्या. चार दिवसांपूर्वी त्यातली एकही नव्हती.

आपण आईच्या पोटात असताना आपल्यातही हेच झालं. मोठेपणी मात्र हे काम बहुतेक थांबतं. रक्तवाहिनीला आतून अस्तर लावणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं शांत बसून असतात. जखम भरताना, दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर तयार होताना, गरोदरपणात वार वाढताना आणि नियमित व्यायामाने स्नायू घडताना त्या पुन्हा जाग्या होतात.

त्यांना जागं करणारी हाक बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या टंचाईची असते. ऊतीला ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं. ते व्हीईजीएफ नावाचा वाढीचा संदेश बाहेर सोडायला लावतं. जवळच्या रक्तवाहिनीतली एखादी पेशी तो संदेश ओळखते, भोवतीचं आवरण विकरांनी विरघळवते आणि संदेशाच्या दिशेने सरकू लागते. तिच्या मागून बाकीच्या पेशी येतात, त्यांची नळी होते, नळीतून रक्त वाहू लागतं. पेशींना ऑक्सिजनची कमी कशी कळते हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

ही साखळी लक्षात ठेवा. कॉफीचे घटक तिच्या वेगवेगळ्या कड्यांवर बोट ठेवतात.

मग वाहिन्या वाढणं चांगलं की वाईट?

कुठे वाढतायत यावर आहे.

अमेरिकेतले शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारशी वाढू शकत नाही. तेव्हा त्या वाहिन्याच अडवल्या तर? सुरुवातीला बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं. २००४ मध्ये व्हीईजीएफला पकडून ठेवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा फोकमन यांचं म्हणणं दवाखान्यात पोचलं. डायबिटीसमध्ये डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्यातून रक्त सांडतं, तिथेही याच जातीची औषधं डोळ्यात टोचतात.

आणि त्याच डायबिटीसवाल्या माणसाच्या तळपायाला जखम असेल, तर तिथे नव्या वाहिन्या हव्या असतात. त्या वेळेवर येत नाहीत म्हणून जखम महिनोन् महिने ओली राहते. एकाच माणसाच्या डोळ्यात नको आणि पायात हवी, अशी ही वाढ. म्हणून 'अमुक पदार्थ रक्तवाहिन्यांची वाढ थांबवतो' एवढं वाचून आनंद किंवा धसका, दोन्ही घेऊ नका.

कॉफीच्या बीत असं काय असतं?

हजारच्या आसपास रसायनं असतात, त्यातली आपल्या कामाची चार-पाच.

कॅफिन सगळ्यांना माहीत आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी ते १८१९ च्या सुमारास वेगळं काढलं, आणि त्यांना कॉफीच्या बिया तपासायला दिल्या होत्या चक्क कवी गटे यांनी. शरीरात ॲडेनोसिन नावाचा रेणू थकवा, झोप आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन-प्रसरण यांत भाग घेतो. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. तरतरी येते ती यामुळे.

क्लोरोजेनिक आम्ल हा दुसरा. कच्च्या बीत हे भरपूर असतं. बी जितकी काळी भाजाल तितकं जळून जातं.

तिसरी जोडी कॅफेस्टॉल आणि कहवेऑल. हे कॉफीच्या तेलात विरघळलेले असतात. उकळलेल्या कॉफीवर कधीकधी जो चकचकीत तवंग दिसतो ना, तिथे यांचं घर. रक्तवाहिन्यांच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त चर्चा याच दोघांची आहे. याशिवाय ट्रायगोनेलिन असतं, आणि भाजताना तयार होणारे तपकिरी रंगाचे मेलॅनॉइडिन.

कहवेऑलचा तो गाजलेला प्रयोग काय होता?

स्पेनमधल्या मालागा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. काम नीटस होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून अस्तराच्या पेशी काढता येतात. त्या एका विशिष्ट जेलीवर पसरल्या की काही तासांत आपोआप एकमेकींना धरून जाळी विणतात. पेशी अगोदर विखुरलेल्या ठिपक्यांसारख्या दिसतात, मग लांबट होतात आणि थोड्या वेळाने षटकोनी घरांची जाळी तयार. शुद्ध कहवेऑल घातलं तेव्हा ही जाळी नीट बनली नाही. पेशींची वाढ मंदावली, त्यांचं सरकणंही कमी झालं, आणि आवरण विरघळवणारे विकर घटले. म्हणजे मघाच्या साखळीतली 'भिंत फोडून बाहेर पडण्याची' कडी ढिली पडली. शिवाय दाह वाढवणाऱ्या दोन गोष्टीही कमी झाल्या.

नुसत्या प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर ते थांबले नाहीत. उबवणीतल्या कोंबडीच्या अंड्याला वर खिडकी पाडून आतल्या पातळ पडद्यावर कहवेऑल ठेवलं, तर त्या भोवती वाहिन्या कमी फुटल्या. झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांतही तसंच दिसलं, आणि उंदराच्या महाधमनीची चकती कापून वाढवली तिथेही.

नंतर कॅफेस्टॉलवरही असे प्रयोग झाले आणि कल तसाच निघाला.

आणि क्लोरोजेनिक आम्ल, कॅफिन यांचं काय?

ऑक्सिजन कमी केलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपेशींवर क्लोरोजेनिक आम्ल घातल्यावर एचआयएफ आणि व्हीईजीएफ दोन्ही खाली आले, असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे हे साखळीच्या पहिल्याच कडीला हात घालतं. कॅफिननेही आतड्याच्या कॅन्सरपेशींत ॲडेनोसिनच्या वाटेने येणारा हा संदेश दबतो, असं बशीत दिसलंय.

इथपर्यंत गोष्ट एकाच दिशेने चालली होती. मेसेज लिहिणारे इथेच थांबतात. पण २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या गटाने उलटं काही दाखवलं. चारेक कप कॉफीनंतर माणसाच्या रक्तात जेवढं कॅफिन असतं, तेवढ्याच प्रमाणात पेशींना दिलं तर पी२७ नावाचं प्रथिन पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात जातं, आणि अस्तराच्या पेशी उलट जास्त चपळपणे सरकतात. उंदरांच्या हृदयाला इजेनंतर याचा फायदाही झाला.

मग खरं कोण? दोघेही. कमी प्रमाणात एक काम, जास्त प्रमाणात दुसरं, असं अनेक रसायनांचं असतं. शिवाय कॅन्सरची पेशी, निरोगी वाहिनीची पेशी आणि इजा झालेल्या हृदयाची पेशी या एकाच हाकेला तीन वेगळी उत्तरं देतात. कॉफीच्या कपात तर हे सगळे घटक एकत्र असतात.

म्हणजे रोज किती कप प्यायलो तर गाठ सुकेल?

असा आकडा नाही, आणि का नाही ते गणितानेच पाहू. अकरावीचं रसायनशास्त्र पुरे आहे.

असे प्रयोग पेशींवर करताना कहवेऑल साधारण ५० मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे एका लिटरमध्ये ५० मायक्रोमोल (रेणू मोजायचं एकक), वापरतात असं धरू. आपल्या अंगात रक्त पाच लिटर. तेवढ्या रक्तात ५० मायक्रोमोलर यायला २५० मायक्रोमोल लागतील. कहवेऑलचा रेणूभार ३१४ च्या आसपास. म्हणजे झाले अठ्ठ्याहत्तर मिलिग्रॅम. न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीच्या कपात कहवेऑल साधारण चार मिलिग्रॅम. म्हणजे एका बैठकीत वीस कप, आणि तेही सगळं कहवेऑल आतड्याने शोषलं, यकृताने हात लावला नाही, चरबीत आणि बाकी ऊतींत एक थेंब गेला नाही असं धरून. तसं कधीच होत नाही. वीस कपांतलं कॅफिन मात्र नक्की पोचेल, आणि ते दीड-दोन ग्रॅम असेल. त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस दवाखान्यात जाईल.

क्लोरोजेनिक आम्लाचं तर आणखी वेगळं. प्यायलेल्यापैकी साधारण एक तृतीयांशच लहान आतड्यात शोषलं जातं. बाकीचं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात येतात. बशीतल्या पेशींना मिळालं होतं अखंड क्लोरोजेनिक आम्ल, तुमच्या गाठीपर्यंत पोचतात ते त्याचे नातू-पणतू.

कॅफिन एकटंच असं आहे की जे प्यालं ते जवळजवळ सगळं रक्तात येतं, अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून कॅफिनवरचे निष्कर्ष माणसाला लावताना मी थोडा जास्त विश्वास ठेवते. कहवेऑलचा उपयोग झालाच तर तो कपातून नाही, त्या रेणूवर बेतलेल्या एखाद्या औषधातून होईल.

आमच्याकडे दुधात पावडर टाकून उकळतात. तिच्यात कॅफेस्टॉल-कहवेऑल असतं का?

नगण्य. इन्स्टंट पावडर बनताना तेल बहुतेक मागेच राहतं.

ज्या कॉफीत पूड पाण्यात थेट उकळतात, म्हणजे तुर्की किंवा स्कँडिनेव्हियन पद्धत, तिच्यात हे दोन्ही भरपूर. दांड्याने दाबून काढायच्या काचेच्या भांड्यातल्या कॉफीतही. कागदी फिल्टर दोघांनाही अडवतो. दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलचा फिल्टर मधला: छिद्रं धातूची असल्यामुळे तेल काही प्रमाणात खाली येतं.

यात एक मेख आहे. कॅफेस्टॉल हे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि हा परिणाम माणसांत नीट सिद्ध झालेला आहे, बशीत नव्हे. तेव्हा कहवेऑलच्या आशेने रोज पाच कप न गाळलेली कॉफी सुरू करणाऱ्याला कॅन्सरविरोधी फायदा अंधारात आणि कोलेस्टेरॉल उजेडात, असा सौदा पडतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी गाळलेली किंवा इन्स्टंटच घ्यावी.

पाकिटावर चिकोरी लिहिलेलं असतं, ते काय?

एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. कॅफिन शून्य. रंग दाट होतो, कडवटपणा येतो, आणि स्वस्त पडते. कंपनी चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापते. तीस टक्क्यांपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत असू शकतं. 'मी रोज चार कप कॉफी पितो' म्हणणाऱ्या पुष्कळ काकांच्या कपात खरी कॉफी निम्मीच असते.

अरेबिका घ्यावी की रोबस्टा?

चवीला जी आवडेल ती. कहवेऑल मुख्यतः अरेबिकात, रोबस्टात अगदी थोडं. कॅफिन रोबस्टात जवळपास दुप्पट आणि क्लोरोजेनिक आम्लही जास्त. भारतात पिकते त्यातली मोठी बाजू रोबस्टाची. सातपुड्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. गेलात तर आणा.

वडिलांची केमो चालू आहे. कॉफी बंद करू का, वाढवू?

दोन्ही नको. ते आधीपासून एक-दोन कप घेत असतील आणि मळमळ, जुलाब, झोपमोड होत नसेल, तर साधारणपणे हरकत घेतली जात नाही. पण त्यांच्या औषधांची यादी तुमच्या डॉक्टरांसमोर आहे, माझ्यासमोर नाही. त्यांना एक वाक्य विचारायला लाजू नका.

'कॉफीने कॅन्सर होतो' असं म्हणणारेही भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल संशयितांत बसवलं होतं. २०१६ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून तो शिक्का काढला. त्याच वेळी ६५ अंशांपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेसाठी बहुधा घातक, असं मात्र सांगितलं. घाईत चटका बसेल असा चहा घशाखाली ढकलणाऱ्यांना हे लागू. बशीत ओतून, फुंकर मारून पिणारे आजोबा या बाबतीत पुढारलेले होते.

आणि ग्रीन कॉफीच्या, म्हणजे न भाजलेल्या बियांच्या अर्काच्या गोळ्या?

केमो चालू असताना अजिबात नको. एरवीही पैसे वाचवा. गोळीत अर्क किती, कॅफिन किती, हे दर पाकिटाला बदलतं, आणि दाट अर्क म्हणजे कप नव्हे. ऑपरेशन ठरलेलं असेल तर अशा गोळ्या चालू असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. घरचे लोक याला औषधात धरत नाहीत आणि म्हणून सांगतच नाहीत.

मला डायबिटीस आहे, डोळ्यात इंजेक्शनं सुरू आहेत. कॉफीने ती टळतील का?

नाही. इंजेक्शन थेट डोळ्याच्या आत जातं आणि तिथलं व्हीईजीएफ धरून ठेवतं. कपातून पडद्यापर्यंत तसं काहीच पोचत नाही. तारीख चुकवू नका. दिसायला बरं लागलं की माणसं पुढचं इंजेक्शन टाळतात आणि मग एकदम डोळ्यात रक्त उतरतं. कॉफी प्या, साखर सोडा. दोन चमचे साखर घालून 'कॉफी शुगरला चांगली असते' म्हणण्यात अर्थ नाही.

नंदुरबारकडे सिकलसेल आहे. त्यात डोळ्याचा काय संबंध?

हा प्रश्न क्वचित येतो, जास्त यायला हवा. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या बुजवतात. तिथे ऑक्सिजन कमी, मग तीच साखळी: एचआयएफ, व्हीईजीएफ, आणि पंख्याच्या आकाराच्या कच्च्या वाहिन्या. नजर पूर्ण चांगली असतानाही हे चालू असू शकतं. म्हणून भिल्ल, पावरा, कोकणा समाजातल्या ज्यांचं निदान झालंय त्यांनी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ततपासणी होते. डोळ्याची तपासणी बहुतेक वेळा आपल्याला मागून घ्यावी लागते. कॉफीचा यावर उपाय म्हणून काही उपयोग नाही. पाणी मात्र भरपूर हवं, आणि आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तर पाण्याच्या जागी चहा-कॉफी नकोच.

मुलगी गरोदर आहे. वाहिन्यांची वाढ थांबत असेल तर बाळाला धोका नाही का?

शंका रास्त आहे. वार म्हणजे रक्तवाहिन्यांचाच अवयव. वाहिन्यांची वाढ अडवणारं औषध गरोदरपणात किती महागात पडतं याचं उदाहरण थॅलिडोमाइडचं आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते मळमळीवर दिलं गेलं, हजारो बाळं हातपाय आखूड घेऊन जन्मली, १९६१ मध्ये ते मागे घेतलं. त्याने रक्तवाहिन्यांची वाढ थांबते हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं.

कॉफीचा कप थॅलिडोमाइड नव्हे, इतकी घाबरगुंडी नको. पण कॅफिन वारेतून बाळापर्यंत जातं, आणि गरोदरपणात ते आईच्या अंगातून उतरायला पुष्कळ जास्त वेळ घेतं. एरवी चार-पाच तासांत निम्मं होणारं शेवटच्या महिन्यांत दुपटी-तिपटीने रेंगाळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर कमी करायला सांगते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ २०० च्या आत ठेवायला. इन्स्टंटच्या एका कपात साधारण ६०, चहाच्या कपात ३० ते ५०. म्हणजे एक कॉफी आणि दोन चहा बसतात. आपल्याकडे बाई कॉफी एकच पिते पण चहा सहा वेळा होतो, आणि तो कोणी मोजत नाही. मोजा.

आमच्या नातवाला काचेच्या पेटीत असताना कॅफिन दिलं. काबरं?

घाबरू नका, हे योग्यच होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मधेच श्वास घ्यायचा विसरतो. कॅफिन सायट्रेटचे मोजून दिलेले डोस त्याला आठवण करून देतात. १,२५० ग्रॅमपर्यंत वजनाच्या दोन हजार बाळांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत श्वासासोबत आणखी एक गोष्ट दिसली: कॅफिन मिळालेल्यांत डोळ्याच्या पडद्याचा गंभीर आजार कमी झाला. हा आजार म्हणजे पुन्हा वाहिन्यांचाच, पडद्यावर त्या वेड्यावाकड्या वाढण्याचा. श्वास सुधारल्यामुळे ऑक्सिजनचे चढउतार कमी झाले हे एक कारण दिसतं. उंदरांच्या पिल्लांतल्या प्रयोगांत कॅफिन ॲडेनोसिनच्या वाटेने या वाढीलाही आवर घालतं. कॉफीतल्या घटकाचा रक्तवाहिन्यांशी संबंध माणसात सगळ्यात जवळून दिसतो तो इथे, आणि तोही कपात नाही, औषध म्हणून, बालरोगतज्ज्ञाच्या हाताखाली.

चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासायलाच हवा. घरी सोडताना कागदावर तारीख लिहिलेली असते. बारसं, गावी नेणं, सुवेर या गडबडीत ती हुकते. आणि हो, बाळाला चमचाभर कॉफी चाटवण्याचा उद्योग कोणी करू नये.

अँजिओप्लास्टी झाली आहे. कॉफीने हृदयात नवीन वाहिन्या येतील का?

कॉफीने येतील असं म्हणता येत नाही. नियमित चालण्याने रक्ताला पर्यायी वाटा मिळायला मदत होते, त्याचा आधार जास्त भक्कम आहे. अटॅकनंतर स्थिर झालेल्या माणसाला दिवसाला दोन-तीन कप सहसा चालतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. ॲडेनोसिन किंवा तशाच औषधाचं इंजेक्शन देऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करायची असेल, तर आधीचे बारा ते चोवीस तास कॉफी, चहा, कोला, चॉकलेट सगळं बंद. कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवतं, औषध लागू पडत नाही आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. धुळ्याहून नाशिकला टेस्टसाठी पहाटे निघायचं आणि वाटेत ढाब्यावर चहा मारायचा, असं केलं की तारीख पुढे ढकलून परत यावं लागतं.

चहात असं काही नाही का?

आहे. ग्रीन टी प्यायला दिलेल्या उंदरांत रक्तवाहिन्यांची वाढ अडते, असं १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं. पण तो घटक हिरव्या पानात असतो. आपला दाणेदार चहा पानं कुस्करून, काळी पडू देऊन बनवतात, त्यात त्याचं रूप बहुतेक बदलून जातं. वर आपण तो आल्यासकट दहा मिनिटं उकळतो.

दुधामुळे कॉफीचे गुण जातात का?

दुधातली प्रथिनं क्लोरोजेनिक आम्लासारख्या घटकांना थोडं धरून ठेवतात, कॅफिनला नाही. माणसांवरचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. ज्याला दूध पचतं त्याने घालावं.

रोज किती घेतली तर चालेल?

निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन आणि एका वेळी २०० पर्यंत, ही युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा. चहा धरून. झोप येत नसेल तर दुपारी तीननंतर नको.

गोळ्या कॉफीबरोबर घेतल्या तर?

दोन गोळ्यांबाबत सांभाळा, कारण त्या आपल्याकडे घरोघरी आहेत. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा-एक तास चहा-कॉफी काही नको. नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही आणि डॉक्टर उगाच डोस वाढवतात. लोहाची गोळी आणि कॉफी यांत किमान एक-दोन तास ठेवा. कॉफी-चहातले घटक लोह धरून ठेवतात. भाजी-भाकरीतल्या लोहालाही तेच लागू, म्हणून जेवणावर लगेच चहा-कॉफी नको. रक्त कमी असलेल्या बायांना मी लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगते.